आधी दाखल झालेल्या फायलींचं काय?

बार्शी रस्त्यावर नान्नजच्या आसपास, डांबरी सोडून आत शिरलं की आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा बायोगॅस प्रकल्प लागतो. सोलापूरच्या मार्केट यार्डातला सडका कांदा, भाजीपाल्याचा पाला आणि सभासदांच्या गोठ्यांतलं शेण असा रोज साधारण 5 टन माल इथे उतरतो. निघणाऱ्या गॅसवर जनरेटर चालतो, त्याच्या विजेवर आमचं प्रतवारीचं शेड आणि छोटं शीतगृह चालतं. उरलेली स्लरी, म्हणजे पातळ खत, शेतात जाते. हे सगळं 2021 मध्ये ठरलं आणि चालू व्हायला 2025 उजाडलं. बांधकामाला त्यातला थोडाच काळ लागला. बाकी सगळा काळ बदलत्या नियमांमागे धावण्यात गेला.

हल्ली दुसऱ्या तालुक्यांतून फोन येतात, ‘ताई, एनए कसं केलं? किती खर्च आला?’ एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापरासाठी करून घेणं. मी सांगते. पण एनए हा त्यातला सोपा भाग होता.

प्रकल्पाची कल्पना कांद्यामुळे सुचली. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरला कांद्याच्या शेकडो गाड्या येतात. पावसात भिजलेला, कोंब आलेला, दबलेला माल बाजूला पडतो आणि त्याचा ढीग लागतो. तो माल पूर्वी तुळजापूर रस्त्याच्या कचरा डेपोकडे जायचा, नाहीतर रस्त्याकडेला कुठेतरी ओतला जायचा. आमच्याच सभासदांनी पिकवलेला कांदा आमच्याच डोळ्यांदेखत कुजत होता, आणि त्याच आठवड्यात शेडचं वीजबिल भरायला पैसे जुळवावे लागत होते. एक टन भाजीपाल्याच्या कचऱ्यातून साधारण 50-60 घनमीटर गॅस मिळतो. हा हिशेब समजल्यावर आम्हा संचालकांना दुसरं काही सुचेना.

जमीन आमच्या एका संचालकांची, भोगवटादार वर्ग 1 ची, म्हणजे पूर्ण मालकीची. सातबारा, आठ-अ, फेरफार, गट नकाशा जमवून आधी झोन दाखला काढला, म्हणजे जमीन कुठल्या वापरासाठी राखलेली आहे त्याचा कागद. झोन शेतीचा निघाला. शेती झोनमध्ये कारखाना कसला, असं घरच्यांनीही विचारलं. पण डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली होती, आणि शेती झोनमध्ये काय चालतं त्या यादीत बायोगॅस प्रकल्प, कचऱ्यापासून वीज आणि अपारंपरिक ऊर्जा स्पष्ट लिहिलेलं आहे. नगररचनाच्या एका साहेबांनी ते पान स्वतः उघडून दाखवलं आणि म्हणाले, ‘याची झेरॉक्स प्रत्येक अर्जाला जोडा.’ मी तसंच करत गेले. आजही माझ्या पिशवीत ते पान असतं.

एनएचंही तसंच. जमीन महसूल संहितेच्या कलम 44-अ प्रमाणे खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी, झोनमध्ये तो वापर बसत असेल तर, तेव्हा आधी परवानगी घ्यावी लागत नव्हती. वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांत कळवायचं होतं. तलाठी भाऊसाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि सर्कलसाहेबांकडे पाठवलं. सर्कलसाहेबांनी मोजणी करून हद्दी कायम करा म्हणून सांगितलं. ते केलं. एवढ्यात काम झालं असतं. पण आमच्या भागाला आणखी एक रेघ आहे, माळढोकची.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. माळढोक पक्षी अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं तेव्हा ते जवळजवळ 8,500 चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. गावंच्या गावं, शाळा, बाजार, विहिरी सगळं कागदावर अभयारण्यात. जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती, कर्ज, प्रत्येक गोष्टीत ती रेघ आडवी यायची. पुढे क्षेत्र पुन्हा आखून 1,222 चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने त्यासाठी किती मोर्चे पाहिले, ते त्यांनाच विचारावं. आमचा गट, म्हणजे प्रकल्पाची जमीन, या नव्या हद्दीबाहेर येतो. हद्दीभोवती केंद्राने अधिसूचित केलेला इको सेन्सिटिव्ह झोनचा, म्हणजे बांधकामांवर बंधनं असलेला, पट्टा आहे, त्याच्याही बाहेर. पण हद्दीपासून सरळ अंतर मोजलं तर एक किलोमीटरच्या आत.

हे अंतर मी मुद्दाम सांगते आहे. 3 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की देशातल्या प्रत्येक संरक्षित वनाभोवती, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाभोवती किंवा अभयारण्याभोवती, किमान एक किलोमीटरचा इको सेन्सिटिव्ह झोन असावा आणि त्यात कुठलंही नवं कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये. आमची फाईल तेव्हा अर्ध्या वाटेवर होती. डायजेस्टरचं, म्हणजे गॅस तयार होणाऱ्या टाकीचं, डिझाईन झालेलं, बँकेचं मंजुरीपत्र आलेलं, शेडच्या पायाची आखणी चुन्याने मारलेली.

आधीपासून चालू असलेल्या कामांसाठी त्या आदेशात वाट होती. प्रतिबंधित नसलेलं काम चालू असेल तर वनविभागाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन चालू ठेवा, असं त्यात म्हटलं होतं. चालू नसलेल्या आणि अर्जच न केलेल्या लोकांचाही प्रश्न नव्हता. मधल्यांचं काय, ज्यांचा अर्ज रीतसर दाखल आहे, पैसे गुंतले आहेत, पण वीट रचलेली नाही, त्यांच्यासाठी मला तरी त्यात काही सापडलं नाही. कुठल्याच टेबलावर ‘नाही’ असं कुणी म्हणत नव्हतं आणि ‘हो’ म्हणायची कुणाची तयारी नव्हती. ‘ताई, मार्गदर्शन मागवलंय,’ हे वाक्य मी त्या काळात किती ठिकाणी ऐकलं! ते म्हणणाऱ्या माणसाचा दोष नसतो. वरून कागद आल्याशिवाय त्याने सही केली तर उद्या चौकशी त्याच्यावर.

बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपली. लोखंडाचे भाव वाढले, जुनं कोटेशन ठेकेदाराने मागे घेतलं. एका सभासदाने भागभांडवल परत मागितलं, मुलीचं लग्न होतं, आणि आम्ही ते दिलं. सल्लागार म्हणाला, चिंचोळी एमआयडीसीत प्लॉट बघा, झोनचीही कटकट नाही आणि पक्ष्याचीही. आम्ही जाऊन आलो. पण शेण नान्नज, वडाळा, मार्डीच्या गोठ्यांत आणि स्लरी जायची त्याच शिवारांत. चिंचोळीला प्रकल्प नेला असता तर रोजच्या डिझेलनेच आम्हाला खाल्लं असतं.

माळढोकबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मी ठामपणे लिहिते. लहानपणी मामाच्या गावाला येताना मी तो माळावर पाहिलेला आहे, उंच मान, संथ चाल. आता तो क्वचितच कुणाला दिसतो. जड शरीराच्या या पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. राजस्थान-गुजरातमध्ये यावरून न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. म्हणून आम्ही खर्च जास्त असूनही शेडपर्यंतची वीजवाहिनी जमिनीखालून नेली. आम्हाला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. सौरऊर्जा असो नाहीतर बायोगॅस, वीज स्वच्छ म्हणायची आणि तारा मात्र पक्ष्याच्या वाटेत टांगायच्या, हे मला पटत नाही.

26 एप्रिल 2023 रोजी न्यायालयाने आधीचा आदेश बदलला. जिथे केंद्राची इको सेन्सिटिव्ह झोनची अधिसूचना निघालेली आहे, तिथे सरसकट एक किलोमीटरची अट राहणार नाही, असं त्यात स्पष्ट झालं. माळढोक अभयारण्याची अधिसूचना निघालेली होती. म्हणजे आमचा गट मोकळा. बातमी वाचून मी आमच्या अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले, ‘वैनी, पेढे नंतर. आधी त्या आदेशाची प्रत काढा.’ बरोबरच होतं. वर्तमानपत्रातल्या बातमीवर फाईल हलत नाही. आदेशाची प्रत, अधिसूचनेची प्रत, मोजणीचा नकाशा आणि त्यावर हद्दीपासूनचं अंतर दाखवणारी रेघ, असा संच करून आम्ही सगळीकडे नव्याने दिला. एका कार्यालयाने तेवढ्यात आमचा झोन दाखलाच जुना झाला म्हणून परत पाठवला. तो पुन्हा काढला.

याच सुमारास आमच्या शिवाराच्या पलीकडच्या गावात एक वेगळंच चित्र होतं. मे 2023 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चा शासन निर्णय आला. पडीक माळ भाड्याने द्या, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. जमिनीच्या अकृषिक परवानगीची अडचण काढून टाकलेली, आणि गावात प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान. माझ्या माहेरच्या एका नातेवाइकांनी माळाचा तुकडा नोंदवला. त्यांना कुठे फारसं समजावून सांगावं लागलं नाही, गाव स्वतःहून ‘आमच्याकडे पण होऊ द्या’ म्हणत होतं.

आमच्या ग्रामसभेत मात्र ठिणगी उडाली. दोन्ही प्रकल्प वीजच करणार, दोन्ही प्रदूषण कमी करणार. पण सौरप्रकल्पाबरोबर गावाला भाडं आणि अनुदान येतं, कचऱ्याच्या प्रकल्पाबरोबर गावाला येतात फक्त कचऱ्याच्या गाड्या. ग्रामसभेत एक आजी उभ्या राहिल्या. त्यांचा प्रश्न मी तसाच लिहिते: ‘कचरा सोलापूरचा, पैसा तुमच्या कंपनीचा, मग वास आमच्या गावाला का?’ सभेत कुणी हसलं नाही. तुळजापूर रस्त्याच्या डेपोचा धूर आणि वास ज्यांनी अनुभवला आहे त्यांची भीती खोटी नाही. मी तांत्रिक माहिती सांगायला लागले तर मागून आवाज आला, ‘वैनी, विहिरीत पाणी मुरलं तर काय, तेवढं सांगा.’

त्या रात्री आम्ही ठरवलं की बोलून उपयोग नाही, दाखवलं पाहिजे. दोन जीप करून गावातल्या बायका आणि ज्यांचा विरोध सगळ्यात जोरात होता ती माणसं चालू प्रकल्प बघायला नेली. डायजेस्टर बंद टाकी असते, माल उघड्यावर रात्रभर ठेवायचा नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं. परत आल्यावर त्यांनी अटी घातल्या: गाडी झाकून येईल, संध्याकाळनंतर माल उतरणार नाही, विहिरींचं पाणी दर सहा महिन्यांनी तपासायचं आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, गावातल्या शेतकऱ्यांना स्लरी अर्ध्या दराने. सगळ्या अटी ठरावात घेतल्या. ठराव झाला. सरकारने सौरप्रकल्पाच्या गावाला जसा वाटा दिला तसा कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या गावालाही धोरणातच ठेवला असता, तर ही बोलणी प्रत्येक गावात प्रत्येक कंपनीला आपापल्या वकुबाप्रमाणे करत बसावं लागलं नसतं. 2020 च्या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात 17,360 मेगावॅटचं उद्दिष्ट होतं. त्यात शहरी घनकचऱ्याचा वाटा 200 मेगावॅट होता आणि सौरऊर्जेचा 12,930. एवढ्या छोट्या वाट्यासाठी वेगळा विचार करायला कोण बसणार, असं कधीकधी वाटतं. पण शहरातला ओला कचरा काही त्या प्रमाणात कमी होत नाही.

5 टन हा आकडाही असाच नियमातून आला. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे रोज 5 टनांपेक्षा जास्त कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राभोवती विकासबंदीचा पट्टा अधिसूचित करायचा असायचा. आमच्या शेजारी चार भावांच्या विहिरी आणि एक वस्ती आहे. पट्टा पडला असता तर त्यांना उद्या घर वाढवता आलं नसतं. आम्हाला माल 8-10 टन मिळत असताना आम्ही 5 वर थांबलो.

बांधकाम झालं, टाकी भरली, आणि खऱ्या कामाला सुरुवात झाली. कांदा एकटा टाकीत गेला की ती आंबते, गॅस बसतो. शेण मिसळावं लागतं आणि चुन्याने आम्लता सांभाळावी लागते. कांद्यात गंधक असल्याने गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो आणि जनरेटर खराब होतो, म्हणून गॅस लोखंडाच्या किसातून गाळून घेतो. सगळ्यात त्रास देतात ती गोण्यांची सुतळी आणि प्लास्टिकची जाळी. कितीही निवडलं तरी थोडी राहते आणि श्रेडरच्या, म्हणजे माल बारीक करणाऱ्या मशीनच्या, दांड्याला गुंडाळत जाते. मग मशीन बंद करायचं, झाकण उघडायचं, आणि आमच्या रुक्मिणीमावशी विळ्याने तो वळ कापून काढतात, दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटाला लागू न देता. मुंबई-दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांनी एकदा त्यांच्याजवळ उभं राहून हे काम पाहावं असं मला मनापासून वाटतं. वर्गीकरण म्हणजे काय ते तिथे कळतं.

प्रदूषण मंडळाची प्रकल्प चालवण्याची संमती मिळण्याच्या टप्प्यावर पुन्हा बदल. 2025 च्या सुरुवातीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची नवी वर्गवारी केली. लाल, नारिंगी, हिरवी, पांढरी यांच्या जोडीला निळी श्रेणी आली. कचऱ्यावर प्रक्रिया करणारे, पर्यावरणासाठी अत्यावश्यक सेवा देणारे उद्योग तिच्यात घेतले आणि त्यांना संमतीची मुदत दोन वर्षं जास्त देण्याचं ठरलं. बदल चांगलाच आहे. कचरा संपवणाऱ्याला कचरा करणाऱ्याच्याच रांगेत उभं करणं चूक होतं. पण आमचा अर्ज जुन्या वर्गवारीत भरलेला होता. सल्लागार म्हणाला, मागे घ्या आणि नव्याने भरा. म्हणजे आवक क्रमांक नवा, रांग नवी. मी ऐकलं नाही. एका पानाचं पत्र लिहिलं: आमचा अर्ज अमुक तारखेला दाखल आहे, वर्गवारी नंतर बदलली आहे, तरी याच अर्जावर नव्या श्रेणीप्रमाणे विचार व्हावा, आणि तसं शक्य नसेल तर कोणत्या नियमाने नाही ते लेखी कळवावं. काम त्याच फायलीवर झालं. त्या शेवटच्या ओळीमुळेच झालं असावं असं मला वाटतं.

तेव्हापासून कुठलाही नवा शासन निर्णय आला की मी आधी शेवटची पानं वाचते. यापूर्वी दाखल झालेल्या, प्रलंबित असलेल्या प्रकरणांबाबत काही लिहिलं आहे का ते बघते. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आधी दिलेल्या परवानग्यांबद्दल तरतूद आहे, म्हणून ती आली तेव्हा गोंधळ कमी झाला. जिथे ती ओळ नसते तिथे धोरण कितीही चांगलं असो, मधल्या फायली कुजतात. मोठ्या कंपनीला दोन वर्षं थांबता येतं, तिच्याकडे दहा जागा आणि वकील असतात. आमच्यासारख्या कंपनीचे सभासद एका हंगामाच्या पैशावर जगतात. धोरण बदलू नये असं मी म्हणत नाही. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी जून 2023 मध्ये विमानतळासाठी पाडली तेव्हा सोलापूरने पाहिलं की उभा प्रकल्पही जागेच्या नियमांत अडकला की काय होतं. माझी मागणी एवढीच आहे की बदल करताना अर्ध्या वाटेवरच्या माणसाला कुठल्या नियमाने मोजणार ते त्याच कागदात, त्याच दिवशी लिहावं.

आता 2026 चे नवे घनकचरा नियम आले आहेत, 1 एप्रिलपासून लागू. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, असं चार भागांत वर्गीकरण. आमच्या कामाचं त्यातलं दुसरंच काही आहे: 5 टनांपेक्षा मोठ्या केंद्रासाठी मोकळा पट्टा प्रकल्पाला दिलेल्या जागेच्या आतच राखायचा आहे. म्हणजे शेजारच्या चार भावांच्या जमिनीला हात न लावता, आमच्याच गटात जागा सोडून 10 टनांपर्यंत जाता येईल असं दिसतंय. पट्टा किती रुंद आणि त्यात काय चालेल हे केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांवर ठरणार. संचालकांनी लगतचा दीड एकर करारावर घ्यायचं ठरवलं आहे. मोजणीचा अर्ज गेला, ग्रामसभेपुढे विषय ठेवायची नोटीस लागली, आणि त्या आजींना मी घरी जाऊन आधीच सांगून आले आहे. त्यांनी विचारलं, ‘गाड्या दुप्पट होणार का?’ मी हो म्हणाले. ‘मग स्लरी फुकट पाहिजे,’ त्या म्हणाल्या. हा मुद्दा येत्या बैठकीत आहे.